हॉट प्रेसमधल्या ताई

डब्लिनजवळच्या ल्यूकनमधल्या त्या घरात खोली बघायला गेलो, तेव्हा दार उघडणाऱ्या बाईंना मी पुण्याच्या वळणानं "नमस्कार काकू" म्हणालो आणि खोली जवळजवळ हातची घालवली. त्यांनी मला दारातच थांबवलं. "काकू म्हणायचं नाही," त्या म्हणाल्या, "आणि वहिनी तर अजिबातच नाही. ही दोन्ही नाती ह्यांच्यामुळे लागतात. मी यांच्या नावानं कोणाचं काही काऊन लागू? ताई म्हण." मग आत वळून हाक मारली, "अहो, तो पुण्याचा मुलगा आला." आतून एक शांत चेहऱ्याचे, चष्मेवाले गृहस्थ हातात उलथनं घेऊन आले. त्यांना मात्र काका म्हटलेलं चालत होतं. त्यामुळे मी तिथे राहिलो ती सगळी वर्षं माझ्या ताईंचे यजमान माझे काका होते, आणि त्या घरात हे कुणाला विचित्र वाटत नव्हतं.

नवऱ्यामुळे लागणारी नाती नाकारणाऱ्या ताई नवऱ्याला मात्र 'अहो' म्हणत. हे मी एकदा धीर करून बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "ते नातं नाही रे बावा, ती सवय आहे." पुढे असल्याच एका सवयीनं त्यांचा घात केला, पण ते नंतर.

पहिल्याच शनिवारी आंघोळ झाल्यावर टॉवेल नाही असं लक्षात आलं. आयर्लंडमधल्या घरांत वरच्या मजल्यावर गरम पाण्याच्या टाकीचं एक कपाट असतं, त्याला हॉट प्रेस म्हणतात. चादरी, टॉवेल, मोजे तिथे ठेवले की उबदार राहतात. मी कालचा शर्ट गुंडाळून तिथवर गेलो आणि कपाटाचं दार उघडलं, तर आत उपड्या बादलीवर ताई बसल्या होत्या. कानांवर हेडफोन, समोर मायक्रोफोन, डोक्यावर माझा टॉवेल. त्या डोळे मिटून गात होत्या. त्यांनी एक डोळा उघडून मला पाहिलं, गाणं न थांबवता दार ओढून घेतलं, आणि मी शर्टानं अंग पुसून ऑफिसचं काम करायला बसलो.

संध्याकाळी चहाच्या वेळी खुलासा झाला. "आतमध्ये टॉवेल आहेत ना, म्हणून आवाज घुमत नाही. स्टुडिओवाले ह्याच्यासाठी पैसे घेतात," ताई म्हणाल्या. कसला आवाज, असं विचारल्यावर त्यांनी अगदी सहज सांगितलं की त्या कोरियातल्या मुलींच्या बँडसाठी गाणी करतात. मी काकांकडे बघितलं. काकांनी पोह्यांवर कोथिंबीर पेरत मान हलवली. ते ग्रँड कॅनाल डॉकजवळ एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरची मोठमोठी आखणी करत आणि घरी आले की स्वयंपाकघर ताब्यात घेत. त्यांना गाण्यातलं काडीचं कळत नव्हतं. राष्ट्रगीत ते फक्त ओठ हलवून म्हणत, असं ताईंनीच मला सांगितलं होतं.

ताई मूळच्या नागपूरच्या, तिथे शाळेत संगीत शिकवायच्या. काकांबरोबर डब्लिनला आल्या आणि हातात रहिवासाचं जे कार्ड पडलं त्यावर त्या 'अवलंबून' होत्या. नोकरी करता येईना. मग ल्यूकनच्या एका गायनवृंदात जाऊ लागल्या. तिथे पोर्टलीश नावाच्या गावाहून एक साठीचे आयरिश गृहस्थ कीबोर्ड वाजवायला यायचे. लग्नात आणि अंत्ययात्रेत ते तीच गाणी वाजवत, फक्त वेग बदलत. त्यांना लंडनमधली एक बाई ओळखत होती, आणि ती बाई कोरियातल्या कंपन्यांना गाणी पुरवायची. गृहस्थ वाद्यांचा सांगाडा करत, ताई त्यावर चाल बांधून गात, बाई ते पुढे धाडत, आणि कोरियातून बहुतेक वेळा काहीच उत्तर येत नसे. आयरिश लोक कुणाही तिऱ्हाइताला 'युअर मॅन' म्हणतात, म्हणून ताई त्या गृहस्थांना त्यांच्या तोंडावरही 'युअर मॅन'च म्हणत. त्यांना ते चालायचं. त्यांना सगळंच चालायचं. चाल ऐकून ते एवढंच म्हणायचे, "ग्रँड." ताईंना मात्र त्या एका 'ग्रँड'चे प्रकार ओळखता यायचे. "आजचा ग्रँड पडेल होता," असं म्हणून त्या रात्रीच्या जेवणाआधीच चाल फेकून द्यायच्या.

घरात गुणगुणायला बंदी होती. बाहेरची चाल आत आली की आतली बिघडते, असं ताईंचं म्हणणं. उलट त्या स्वतः भांडी घासताना नवी चाल मुद्दाम माझ्या कानावर घालत, आणि दोन दिवसांनी मी नकळत तिची शीळ घालतोय का ह्यावर पाळत ठेवत. मी शीळ घातली की चाल पास. एकदा मी वेगळंच काहीतरी गुणगुणत जिना उतरलो, तर त्यांनी जिन्याखाली उभं राहून विचारलं, "हे कुठून उचललं?" मी म्हटलं, दुकानात लागलं होतं. "त्या दुकानात आता जाऊ नको," त्या म्हणाल्या. मी खरोखरच महिनाभर दूध लांबच्या दुकानातून आणलं.

परीक्षेची दुसरी जागा म्हणजे बस. ल्यूकनहून शहरात जाणाऱ्या बसच्या वरच्या मजल्यावर ताई अनोळखी माणसाशेजारी बसून गुणगुणायच्या आणि त्याच्या पायाकडे बघायच्या. पाय हलला तर ठीक. एका म्हातारबुवांनी त्यांना विचारलं होतं, "यू आर इन ग्रेट फॉर्म, मिसेस, डिड यू विन समथिंग?" ताई म्हणाल्या, "नॉट येट." हा किस्सा त्या स्वतःच सगळ्यांना सांगत आणि 'नॉट येट'च्या आधी थोडं थांबत.

लंडनच्या बाई कोरियन कंपनीची मागणी कळवत. ती वाचण्याचा कार्यक्रम असायचा. एकदा आलेली मागणी अशी होती: पाच मुली, हिवाळा, निरोप आहे पण दुःख नाही, आत्मविश्वास हवा पण उद्धटपणा नको. मला तर ते ऑफिसातल्या कामाच्या वर्णनासारखंच अगम्य वाटलं. ताईंनी मात्र चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "म्हणजे ही मुलगी नागपूरहून पहिल्यांदा नोकरीला निघून राहिली आहे. आई स्टेशनवर आली आहे. दोघी रडत नाहीत. हे तर मला येतंच." आणि त्या बादली घेऊन वर गेल्या.

ह्या गाण्यांना शब्द नसले तरी चालत, कारण खरे शब्द तिकडे कोरियनमध्ये लिहिले जातात. पण तोंडात काहीतरी हवं. म्हणून ताई नुसतं ला ला करण्याऐवजी जे मनात असेल ते गात. त्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात कोथिंबीर, हिरवी मिरची, दही आणि 'बल्ब बदलून घ्या' असं होतं. पण ऐकताना, का कोण जाणे, मला घर आठवायचं. मी पहिल्यांदा घर सोडलं तेव्हा आईसुद्धा असल्याच वस्तूंबद्दल बोलत होती.

ह्या सगळ्या खटाटोपामागे ताईंची एकच इच्छा होती आणि ती त्या लपवत नसत. शाळेच्या संमेलनातली सगळी गाणी त्या बसवायच्या, पण कार्यक्रमपत्रिकेत छापलं जायचं 'संगीत विभागातर्फे'. इथे आल्यावर विजेचं बिल काकांच्या नावावर, डॉक्टरची पत्रं 'मिसेस' लावून काकांच्या आडनावानं. "एकदा," त्या म्हणायच्या, "एकदा कुठेतरी नुसतं माझं नाव यायला पाहिजे. खाली, बारीक अक्षरांत असलं तरी चालेल. पण माझं."

तर ते निरोपाचं गाणं. शनिवारी ध्वनिमुद्रण चाललं होतं. वर ताई हॉट प्रेसमध्ये, खाली काका कुकर लावून बसलेले. ध्रुवपदाच्या ऐन तोंडाशी ताईंनी श्वास घ्यायला जागा ठेवली होती, आणि नेमक्या त्या जागेत कुकरची शिट्टी घुसली. साधी शिट्टी नव्हे. आधी दबकत, मग लांब, मग खाली घसरत जाणारी. ताई जिना उतरून आल्या तेव्हा डोक्यावरचा टॉवेल तसाच होता. "तुम्हाला एक दिवस वरणाशिवाय राहवत नाही का?" त्या काकांना म्हणाल्या. काका म्हणाले, "वरण नाही, चणे आहेत." ह्या खुलाशानं काही परिस्थिती सुधारली नाही. पुन्हा गायला वेळ नव्हता, मुदत संपत आली होती, म्हणून गाणं शिट्टीसकट गेलं. ताई दोन दिवस काकांशी माझ्यामार्फत बोलत होत्या.

काही आठवड्यांनी लंडनच्या बाईंचा निरोप आला. कंपनीनं गाणं घेतलं होतं. एका ओळीत पुढे असंही होतं की ध्रुवपदाच्या आधीचा आगगाडीचा आवाज सगळ्यांना फार आवडला आहे, तेवढा मागे गाणं नसलेला, स्वच्छ असा पाठवावा, तो मिळाल्यावर गाणं पक्कं करू. ताईंनी ते मोठ्यानं वाचलं. काकांनी विचारलं, "कुठली आगगाडी?" मग आम्ही तिघांनीही एकदमच गॅसच्या शेगडीकडे बघितलं.

पुढच्या शनिवारी स्वयंपाकघराचा स्टुडिओ झाला. पोर्टलीशचे गृहस्थ मायक्रोफोन घेऊन आले. त्यांनी आयुष्यात प्रेशर कुकर बघितलेला नव्हता. झाकण थरथरायला लागलं तसे ते मायक्रोफोन तिथेच ठेवून दाराआड जाऊन उभे राहिले आणि तिथून विचारू लागले, "इज इट मेंट टू डू दॅट?" मला धुराच्या अलार्मखाली खुर्चीवर चढवून त्याच्यावर आंघोळीची टोपी धरायला सांगितलं होतं. तुरीच्या डाळीची शिट्टी नुसतीच खोकली. भाताची थुंकली. ताई डोळे मिटून ऐकत आणि मान हलवत. "सूर हाच आहे. पण ती त्या दिवशी खाली घसरली होती. रडू दाबल्यासारखी. ही शिट्टी फारच आनंदी आहे."

दुपारपर्यंत घरभर वाफ झाली. गृहस्थ दाराआडून जेवढ्यास तेवढं 'ग्रँड' म्हणत होते, आणि ताईंच्या चेहऱ्यावरून तो कुठला प्रकार आहे हे मलाही कळत होतं. शेवटी त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "गेलं. एका शिट्टीपायी गेलं." तेव्हा काका घसा खाकरून म्हणाले, "चणे लावू का? आणि त्या दिवशी मी ती उलथन्यानं दाबून धरली होती."

"काऊन?"

"तुझं रेकॉर्डिंग चाललं होतं ना. आवाज होऊ नये म्हणून. पण ती ऐकेना, बाजूनं निसटली."

काकांनी चणे लावले, गॅस मध्यम केला, आणि एक हात पाठीमागे घेऊन दुसऱ्या हातानं उलथनं शिट्टीवर टेकवलं. सांगाड्यात घालायला हवी होती तीच शिट्टी आली, दबकत, लांब, घसरत. दाराआडून 'ग्रँड' आला. तो मी त्या घरात ऐकलेला सर्वांत उत्तम ग्रँड होता. पुढचा आठवडाभर आम्ही चणे खाल्ले, आणि युअर मॅन एक डबा पोर्टलीशलाही घेऊन गेले.

मग लंडनच्या बाईंनी विचारलं, नाव कसं द्यायचं? इतक्या वर्षांची वाट बघणं ह्याच प्रश्नासाठी होतं. ताईंनी हात धुतले, देवाला नमस्कार केला आणि उत्तर लिहिलं. काम अधिकृत होतं, म्हणून पासपोर्टावर आहे तसं लिहिलं: स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. आपल्याकडे दुसरं कसं लिहिणार? माझ्याही नावाच्या मध्ये बाबा बसलेले आहेत, आणि नव्या ऑफिसात पहिला महिनाभर मला सगळे त्यांच्याच नावानं हाक मारत होते. तरी ताईंचा हात चालताना आमच्यापैकी कुणालाच काही खटकलं नाही.

गाणं जानेवारीत, कामाच्या दिवशी, आमच्या सकाळी नऊ वाजता आलं. तिकडे संध्याकाळ होती. ताई पैठणी नेसून लॅपटॉपसमोर बसल्या. काकांनी रजा घेतली होती, मी ऑफिसला पोट बिघडल्याचं कळवलं होतं, आणि युअर मॅन कुणाच्या तरी अंत्ययात्रेला जाता जाता काळ्या सुटात आले होते. पडद्यावर रेल्वे स्टेशन दिसलं. पाच मुली पिवळे कोट घालून फलाटावर उभ्या. ध्रुवपदाच्या तोंडाशी आमचा कुकर वाजला आणि धुक्यातून आगगाडी आली. मुली नाचू लागल्या. रडल्या नाहीत. मी मात्र थोडा रडलो, हे सांगायला हरकत नाही.

मग ताईंनी खाली सरकवून नावं बघितली. संगीतकार तीन होते. एक, नुसतं ताईंचं पहिलं नाव. दोन, काकांचं नाव आणि आडनाव. तीन, पोर्टलीशचे गृहस्थ. तिकडच्या कुणीतरी ताईंच्या तीन शब्दांची दोन माणसं केली होती. काकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "अरे, मी पण आहे." त्यांच्या आवाजातला आनंद अगदी निरागस होता, आणि म्हणूनच ताई उठून स्वयंपाकघरात गेल्या.

काकांनी तो फोटो नागपूरला भावाला पाठवला, भावानं सगळ्यांना पाठवला, आणि तो फिरत फिरत ल्यूकनच्या मराठी मंडळींपर्यंत आला. आपल्यातला कोण संगीतकार हे ठरवायला त्यांना वेळ लागला नाही. पूर्ण नाव आणि आडनाव कुणाचं आहे ते दिसतच होतं. संक्रांतीच्या कार्यक्रमात काकांचा सत्कार ठरला. काकांनी फोन करून सांगितलं, "गाणं हिचं आहे." पलीकडचे म्हणाले, "काका, तुमचा हा विनय आम्हाला माहीत आहे." त्यांनी पुन्हा सांगितलं, तर विनयाची कीर्ती वाढली. ताई म्हणाल्या, "राहू द्या. मीच लिहून दिलं ना." त्या दोन आठवड्यांत त्या एकदाही हॉट प्रेसमध्ये गेल्या नाहीत. टॉवेल हवे तेव्हा मिळत होते आणि मला ते नको झाले होते.

शाळेच्या सभागृहात कार्यक्रम होता. काकांना शाल आणि नारळ मिळाला. मग 'त्यांच्या सुविद्य पत्नीं'ना बोलावून स्टीलची डबी आणि तिळगूळ दिला. ताई डबी घेऊन खाली येऊन बसल्या आणि ती मांडीवर उघडझाप करत राहिल्या. मला त्या सूत्रसंचालकाचा इतका राग आला होता की मी तिळगूळ घेतला पण गोड बोललो नाही.

"आता काकांनी दोन शब्द बोलावेत," सूत्रसंचालक म्हणाला.

काका माइकजवळ गेले. "हे गाणं माझं नाही," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. "मला सा कुठला आणि रे कुठला हेसुद्धा कळत नाही." आणखी टाळ्या. काकांनी शाल काढून खुर्चीवर ठेवली. त्यांनी एकदा ताईंकडे बघितलं, घसा साफ केला, आणि गायला सुरुवात केली.

राष्ट्रगीतालाही जो माणूस आवाज देत नव्हता, तो माणूस भरल्या सभागृहात एकटा गात होता. चाल कुठे, काका कुठे, काही ताळमेळ नव्हता. टाळ्या थांबल्या. लोक आधी हसले, मग गप्प झाले, कारण काका थांबेनात. अख्खं ध्रुवपद त्यांनी तसंच म्हटलं. पुढच्या रांगेत कुणाची तरी साताऱ्याहून आलेली आई बसली होती. ती शेजारणीला चांगलं मोठ्यानं म्हणाली, "अगं बया, ह्याचं न्हाई गं हे गाणं."

"नाहीच आहे," काका माइकमध्ये म्हणाले, आणि माइक ताईंच्या दिशेनं धरला.

ताई डबी घेऊनच वर गेल्या. त्यांनी भाषण केलं नाही. कोथिंबीर, हिरवी मिरची, दही, असं दुसरं कडवं त्यांनी सरळ गायला घेतलं. मागच्या दाराशी मुलं मोबाइल बघत बसली होती. आपली ही मुलं मराठी कार्यक्रमात मान वर करत नाहीत. एक मुलगी उठून उभी राहिली. "नो वे," ती म्हणाली, "दॅट्स हर साँग?" आणि ध्रुवपद आलं तेव्हा ती पोरं पुढे येऊन ते कोरियनमध्ये म्हणायला लागली, एकेक शब्द, हातांच्या हालचालींसकट. श्वासाच्या जागी ताई थांबल्या. त्या जागेत काकांनी तोंडानं शिट्टी दिली. तीही बेसूरच होती, पण वेळेवर आली.

दुसऱ्या दिवशी ताईंनी लंडनला कळवलं की संगीतकार दोनच आहेत, एक आपण आणि एक पोर्टलीशचे. आडनाव लावा, ते आता माझंही झालंय, पण मध्ये कुणी नको. बाईंनी विचारलं, मग त्या दुसऱ्या नावाचं काय करू, पुसून टाकू? ताई बादली घेऊन वर गेल्या आणि बराच वेळ हॉट प्रेसमध्ये बसून राहिल्या. मी शर्टानं अंग पुसलं, आणि मला फार बरं वाटलं.

त्यानंतर यादी बदलली आणि अजून तशीच आहे. संगीत म्हणून ताईंचं नाव आणि आडनाव, मध्ये कुणीही नाही, मग पोर्टलीशच्या गृहस्थांचं. त्याखाली वाद्यं वाजवणाऱ्यांची नावं आहेत. कोरियातल्या मंडळींना ती शिट्टी कसली, हे ताईंनी कधीच कळू दिलेलं नाही. त्यामुळे गिटार कुणाची, ढोल कुणाचे ह्याच्या खाली शेवटच्या ओळीत लिहिलं आहे, आगगाडी: आणि पुढे आमच्या काकांचं पूर्ण नाव.